ओव्हिलाकाकांच्या डब्यातले वीस नट

लिझेत सिमार हिवाळ्यात गाडी चालवत नसे. ऑक्टोबर संपला, की नवऱ्याच्या जुन्या पिकअपची किल्ली ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून टाकायची, ती थेट एप्रिलात छपरावरचं बर्फ घसरून पडायला लागलं की काढायची. मधल्या पाच महिन्यांत दुकानात जायचं असो, चर्चला जायचं असो, ती कुणाच्या तरी शेजारी बसून जायची, आणि तेही दारावरची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरून.

आणि गंमत अशी, की चौथ्या रांगेतल्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या त्या एका रस्त्यावरच्या, चौतीस घरांच्या गाड्यांना हिवाळी चाकं हीच लिझेत चढवायची.

हे काम मुळात तिच्या नवऱ्याचं, गास्तोंचं. एक डिसेंबरच्या आत हिवाळी टायर चढलेच पाहिजेत असा केबेकचा कायदा, आणि तालुक्याच्या गॅरेजात तोवर मरणाची गर्दी. म्हणून नोव्हेंबर लागला की रांगेतले लोक आपापल्या गाड्या गास्तोंच्या कोठारासमोर आणून उभ्या करत. पुढे त्याचा खांदा गेला, तेव्हा तो स्टुलावर बसून सांगायचा आणि लिझेत पाना फिरवायची. सहा वर्षांपूर्वी तो वारला. त्या नोव्हेंबरात आता कोण येणार असं तिला वाटलं होतं, पण पहिल्याच शनिवारी सकाळी खिडकीतून बघते तर अंगणात सात गाड्या. कुणी काही विचारलं नाही. तिने गास्तोंचा अंगरखा चढवला आणि जॅक बाहेर काढला.

"गावाला बूट घालते आणि स्वतः मोजे घालून घरात बसते," असं गास्तोंचे काका, ओव्हिला, तिला म्हणायचे. काका ब्याऐंशी वर्षांचे. चेष्टा केल्याशिवाय त्यांना कॉफी उतरायची नाही. गास्तोंच्या त्या पिकअपलासुद्धा लिझेत दर वर्षी न चुकता हिवाळी चाकं चढवायची, दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवायची, हे तर त्यांच्या हाती लागलेलं कोलीतच होतं. "भिंतीला टेकून उभी असते ती गाडी! तिला कशाला ग बूट? भिंत घसरेल म्हणून?"

लिझेत हसून सोडून द्यायची. कारण सगळ्यांना माहीत असलं तरी बोलत कुणी नसे. नऊ वर्षांची असताना ती वडिलांबरोबर दुधाच्या ट्रकमधून लांडग्याच्या उतारावरून खाली जात होती. हा उतार नदीवर जातो, बेटाकडे जाणारी फेरीबोट जिथे लागते तिथे. दुसऱ्या वळणावर ट्रक घसरला तो कठडा मोडूनच थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण पुढचं चाक कड्याच्या बाहेर, हवेत, कितीतरी वेळ नुसतं फिरत राहिलं होतं, आणि खाली खूप खोलवर नदीतलं बर्फ दिसत होतं. ते फिरणारं चाक लिझेतच्या डोळ्यांपुढून पन्नास वर्षांत हललं नव्हतं. म्हणून तर ती चाकांच्या बाबतीत इतकी काटेकोर. टायरच्या अंगावरचे आकडे ती पत्रिका वाचावी तशी वाचायची, आणि पाहुण्याच्या अंगणात शिरतानासुद्धा तिची नजर आधी गाडीच्या चाकांवर जायची, मग माणसाच्या तोंडावर.

यंदा सप्टेंबरात तिची मुलगी मिरेय शहरातला संसार आवरून चार वर्षांच्या फ्लावीला घेऊन माहेरी आली. बेटावरच्या वृद्धाश्रमात तिला नर्सची नोकरी मिळाली आणि त्याच आवारातल्या पाळणाघरात फ्लावीलाही जागा मिळाली. म्हणजे मायलेकी रोज सकाळी लांडग्याचा उतार उतरणार, रोज संध्याकाळी चढणार. लिझेतला हे कळलं त्या रात्री तिने जेवणात मीठ दोनदा घातलं.

मिरेयची गाडी शहरी. खाली बसकी, काळीभोर, आणि चाकं मोठी, अठरा इंची, चकाकणारी, मॅगची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची.

"ह्याच मापाचे हिवाळी टायर घेऊ आई, ह्याच रिमवर बसवू. झालं."

"ह्या मापाचे?" लिझेतने टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. "दोनशे पस्तीस रुंदी आणि उंची बघ, भाकरीएवढी! खड्ड्यात गेलीस तर रिमच वाकेल. आणि इतका रुंद टायर बर्फावर तरंगतो, मिरेय. बर्फ कापून खालच्या रस्त्याला धरायचं तर टायर अरुंद हवा. उंच आणि अरुंद."

"पण दिसतं कसं ते! छोटी चाकं लावली की गाडी म्हातारीसारखी दिसते."

"म्हातारी दिसू दे. म्हाताऱ्या हळू चालतात."

कोपऱ्यातल्या बाकावर बसलेले ओव्हिलाकाका खो खो हसले. मोतीबिंदूमुळे त्यांचा परवाना उन्हाळ्यातच काढून घेतला होता, आणि गाडी विकून झाली होती. "माझी घे की पोरी," ते मिरेयला म्हणाले. "माझी हिवाळी चाकं इथेच पडलीत, लिझेतच्या माळ्यावर. सोळा इंची, लोखंडी. टायर एकच हिवाळा चाललेत. मला आता काय त्यांचं, गळ्यात घालू?"

लिझेतने लगेच हो म्हटलं नाही. फुकट मिळालेल्या चाकांवर तर ती दुप्पट संशय घ्यायची. आधी गाडीच्या दारातल्या खांबावरचं चिकटपत्र तिने चष्मा लावून वाचलं. कंपनीने त्या गाडीला सोळा इंचाचं जे माप चालतं म्हणून लिहिलं होतं, तेच काकांच्या टायरवर होतं, दोनशे पंधरा, साठ, सोळा. मग तिने दोन्ही टायर शेजारी उभे करून वरून फळी ठेवली. फळी आडवी सरळ बसली. रिम लहान, पण टायरची बाजू उंच, त्यामुळे एकूण चाक तेवढंच. म्हणजे गाडीचा काटाही वेग खोटा दाखवणार नव्हता. पाच भोकं, त्यांच्यातलं अंतरही तेच.

"लहान रिम ब्रेकला घासली तर?" मिरेयने विचारलं. आता तिलाही थोडी गोडी लागली होती.

लिझेत घरात गेली आणि मांसाच्या पाईसाठी मळून ठेवलेल्या पिठाचा लिंबाएवढा गोळा घेऊन आली. तो तिने ब्रेकच्या जबड्यावर चिकटवला, रिम चढवून हाताने एक फेरा दिला, आणि उतरवून पाहिलं. गोळा दबून करंगळीएवढा जाड राहिला होता. "इतकी जागा राहते. पुरे."

"आता ती पाई कोण खाणार?" काका म्हणाले.

रिमच्या मधलं भोक मात्र, चाक ज्यावर बसतं त्या मिरेयच्या गाडीच्या तुंब्यापेक्षा जरा मोठं निघालं. दुसरी कुणी असती तर नट आवळून मोकळी झाली असती. लिझेतने तालुक्याहून चार कडी मागवली आणि ती त्या भोकांत बसवली. चाक बरोबर मध्यावर बसलं. त्या शनिवारी एकेक नट तिने मोजून आवळणाऱ्या पान्याने घट्ट केला. योग्य जोर लागला की तो पाना 'कट्' असा आवाज करतो. वीस वेळा कट् झालं. मिरेयने टाळ्या वाजवल्या, आणि फ्लावीने चाकांना एकेक लाथ मारून ती पास करून टाकली.

गास्तोंच्या कोठारात एक नियम होता, दगडावरची रेघ. ज्या गाडीचे नट, ते त्याच गाडीला. एकाचे नट दुसऱ्याच्यात मिसळायचे नाहीत. भिंतीवरच्या फळीवर कॉफीच्या रिकाम्या डब्यांची ओळ होती आणि प्रत्येक डब्यावर घराचं नाव. चाकं काढली की नट त्या घराच्या डब्यात, चाकं चढवली की त्याच डब्यातून बाहेर. वीस वर्षांत कधी घोटाळा झाला नव्हता. होणार कसा? सगळी रांग गाड्या घ्यायची तालुक्याच्या एकाच दुकानातून, एकाच कंपनीच्या, आणि उन्हाळा असो हिवाळा असो, रिम लोखंडीच.

मिरेयची मॅगची चाकं काढली तेव्हा निघालेले नट लिझेतने 'मिरेय' असं नवं नाव लिहिलेल्या डब्यात टाकले, आणि त्याच डब्यातून काढून काकांच्या रिमवर आवळले. नियमाप्रमाणे.

रविवारी मिरेय चर्चला आणि मावशीकडे पन्नासेक किलोमीटर फिरून आली. नवी चाकं चढवली की पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावायचा, हाही लिझेतचा नियम. तिने लावला. तीन-चार नट जवळजवळ अर्धा फेरा फिरले, मग कट् झालं. रिमवरचा रंग दबला असेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि हात धुतले.

सोमवारी रात्रभर पडलेलं बर्फ सकाळी थांबलं. मिरेय सव्वासातला निघाली. मधल्या गावात औषधाच्या दुकानातून आश्रमाची पुडकी घ्यायची, मग उतार, मग नऊची बोट. फ्लावी मागच्या सीटवर काकवीची बिस्किटं मांडीवर घेऊन बसली होती. लिझेतने खिडकीतून हात केला आणि चाकांकडे पाहिलं. उंच, अरुंद, काळी. तिला बरं वाटलं. हिवाळ्यात इतकं बरं तिला कधी वाटत नसे.

आठ वाजायला आले असताना ओव्हिलाकाका बूट आपटत आत आले.

"माझा डबा दे ग."

"कसला डबा, काका?"

"कॉफीचा. नावाचा माझा. गाडी गेली, चाकं गेली, डबा तरी घरी नेऊ दे. खिळे ठेवीन त्यात. आणि नट तसेच आहेत बरं का त्यात, गाडी घेणाऱ्याने आपलीच चाकं आणि नट आणले होते ना. चाकं नेलीत माझी, आणि नट विसरलीस!"

"विसरले नाही. मिरेयच्या गाडीला मिरेयचे नट," लिझेत म्हणाली. त्यांना कॉफी ओतून ती कोठारात गेली, डबा घेऊन आली आणि बोलता बोलता टेबलावर उपडा केला. वीस नट घरंगळले. एक तिच्या पुढ्यात येऊन थांबला.

तिने तो उचलला. त्याचं तोंड निमुळतं होतं, गाजराच्या टोकासारखं.

खिडकीच्या कठड्यावर मिरेयच्या गाडीचा एक जादा नट पडला होता. गाडीबरोबर आलेला, एकविसावा. लिझेतने तोही उचलला. त्याचं तोंड गोल होतं, कैरीच्या बाठ्यासारखं.

काका काहीतरी बोलत होते. तिला ऐकू येईना. तिने गोल नट कॉफीच्या पेल्याच्या काठावर ठेवला, मग निमुळता ठेवला, पुन्हा गोल ठेवला. काकांच्या रिमची भोकं निमुळती होती. तिला ती आत्ता लख्ख दिसत होती, शनिवारी दिसली होती तशीच. त्या भोकात गोल नट बसत नाही. नुसता काठावर टेकतो, केसाएवढ्या कडेवर. पाना कट् म्हणतो, कारण पान्याला जोर कळतो, आकार कळत नाही. आणि गाडी चालू लागली, चाक फिरू लागलं, की तो नट…

रविवारी ते अर्धा फेरा फिरले होते.

"लिझेत? रंग का उतरला ग तोंडाचा?"

"काका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला, "नट गाडीचे नसतात. चाकाचे असतात."

तिने मिरेयला फोन लावला. रांगेतलं शेवटचं घर संपलं की नदीपर्यंत मोबाईल लागत नाही, हे माहीत असूनही पुन्हा लावला. औषधाच्या दुकानात लावला, कुणी उचलला नाही. उतारावर राहणाऱ्या एकुलत्या एका कुटुंबाला लावला. तिथे तो वाजतच राहिला. रांगेतले सगळे पुरुष एव्हाना कामावर, सगळ्या गाड्या गेलेल्या. अंगणात फक्त गास्तोंची पिकअप उभी होती, भिंतीला टेकून, बूट घालून.

लिझेतने खिळ्यावरची किल्ली काढली.

"मी चालवतो," काका म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही."

"तुला येत नाही."

"येते. हिवाळ्यात येत नाही."

"मग मी शेजारी बसतो. तू रस्ता बघ, मी तुला बघतो." त्यांनी टेबलावरचे नट पंजाने डब्यात लोटले आणि डबा कोटाखाली धरला. जाता जाता लिझेतने कोठारातला पाना उचलला.

पिकअप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. अंगणातून बाहेर पडताना मागचं चाक जरा सरकलं तशी लिझेत किंचाळली, आणि तशीच पुढे गेली. रस्ता पांढरा, आकाश पांढरं, मधली कुंपणंही पांढरी. तिने स्टिअरिंग असं धरलं होतं, की बोटं हातमोज्यात सुन्न झाली. काट्याकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

"किती आहे वेग?" तिने विचारलं.

काका काट्यापाशी नाक नेऊन म्हणाले, "चाळीस. मुंगी मागून येऊन हॉर्न देईल आता."

तिने पाय दाबला. गाडीच्या पोटातून एक घरघर आली.

"काका, बोलू नका."

"बरं."

"नाही, बोला. काहीतरी बोला."

मग काका बोलत राहिले. काय बोलले ते तिला पुढे कधी आठवलं नाही. तिला दिसत होतं फक्त चाक, पुढचं डावं. एक नट सैल होतो, मग दुसरा. मग चाक हलतं, मग उरलेल्या नटांवर सगळा भार येतो. सपाट रस्त्यावर कदाचित टिकेलही. उतारावर, ब्रेक दाबल्यावर, वळण घेताना सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. तिने स्वतःच्या हाताने लावलेलं चाक. पिठाचा गोळा लावून, फळी ठेवून, कडी बसवून. एवढं सगळं मोजलं, आणि हातात घेतलेल्या वीस नटांचं तोंड तिने पाहिलं नाही.

मधल्या गावात औषधाच्या दुकानासमोर तिने गाडी थांबवली नाही, नुसती काच खाली केली. दुकानदारीण दारातलं बर्फ झाडत होती.

"मिरेय?"

"आत्ताच गेली की! दहा मिनिटं झाली असतील. लिझेत, तू? तू गाडी…"

पिकअप पुढे गेली होती.

तिथून पुढे जंगल आणि मग उताराच्या माथ्यावरचा लाकडी क्रूस. तिचे वडील दुधाचा ट्रक इथे थांबवून ब्रेक तपासायचे आणि एक प्रार्थना म्हणायचे. तोच रिवाज लिझेतने घरात चालू ठेवला होता. तिला शेजारी बसवून नेणाऱ्या प्रत्येकाला इथे थांबावंच लागे. मिरेय त्याची टर उडवायची. 'आईचं टोल नाकं.' तरी आजही ती थांबली असेल, असं काहीतरी लिझेत मनात घोळवत आली होती. निदान आज.

क्रूसापाशी कुणी नव्हतं. ताज्या बर्फावर एकाच गाडीच्या चाकांचे माग होते, अरुंद, सुबक, स्वच्छ कापलेले. ते न थांबता खाली गेले होते.

लिझेतने ब्रेक दाबला. पिकअप थांबली. पुढे रस्ता जणू संपत होता, आणि त्याच्या पलीकडे खूप खाली नदी, राखाडी, बर्फाचे तुकडे वाहून नेणारी.

"खालचा गिअर टाक," काका हळू म्हणाले. चेष्टेचा मागमूस नव्हता त्यांच्या आवाजात. "ब्रेकला हात… पाय लावू नकोस. गाडी आपली आपण उतरेल."

"मला नाही जमायचं."

"मग मिरेयला गाठणार कशी?"

तिने खालचा गिअर टाकला. इंजिन ओरडायला लागलं. पहिलं वळण आलं आणि गेलं. ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. काकांना वाटलं प्रार्थना, पण ती म्हणत होती, 'दोनशे पंधरा, साठ, सोळा. दोनशे पंधरा, साठ, सोळा.'

दुसऱ्या वळणावर, कठड्याला लागून जरा रुंद जागा आहे तिथे, लाल दिवे उघडझाप करत होते.

काळी गाडी उभी होती. चारही चाकांवर. मिरेय बाहेर होती आणि पुढच्या डाव्या चाकाला बुटाने लाथा मारत होती. मारून झाल्या, तशी ती दार उघडून आत बसली. दिव्यांची उघडझाप थांबली. गाडी निघायला सरकली.

लिझेतने हॉर्नवर हात ठेवला आणि काढलाच नाही. डोंगरातून तो आवाज फिरून फिरून परत आला.

काळी गाडी थांबली. मिरेय बाहेर आली, आणि कोण येतंय ते पाहून तिचं तोंड उघडंच राहिलं. पिकअप तिच्या मागे, हातभर अंतरावर येऊन थबकली. लिझेतने हातब्रेक ओढला, पुन्हा ओढला, आणि उतरली.

"आई! काय झालं? कोण गेलं?"

"पुढे जाऊ नकोस. गाडी हलवू नकोस."

"अगं काही नाही, चाकात बर्फ साचलंय. स्टिअरिंग थरथरत होतं, ठकठक वाजत होतं, म्हणून लाथा मारून पाडलं. आता होईल नीट."

इथे सगळे असंच करतात. हिवाळ्यात चाक थरथरलं की रिमच्या आत बर्फाचा गोळा गोठलाय असं धरायचं, लाथा मारायच्या आणि पुढे जायचं. दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं.

लिझेत चाकापाशी बर्फात गुडघे टेकून बसली. हातमोजा काढला. वरचा नट तिने दोन बोटांत धरला, आणि तो बाटलीचं झाकण फिरावं तसा फिरला. दुसराही फिरला. तिसरा जागेवर नव्हताच, नुसता आटे पाडलेला दांडा उरला होता, चकचकीत, ओला. उरलेले दोघेही नुसत्या स्पर्शाने हलले.

मिरेय वाकून पाहत होती. तिने मागे वळून सीटवरच्या फ्लावीकडे पाहिलं, मग कठड्याकडे, मग कठड्यापलीकडे. मग तिने आईचा खांदा धरला.

"मी केलं हे," लिझेत म्हणाली. "मी लावलेत हे नट. माझी चूक."

"बोलणं नंतर," काका ओरडले. पिकअपमधले सरपणाचे ओंडके आणून ते चाकांच्या पुढे अडकवत होते, आणि इकडच्या शिव्या चर्चमधल्या पवित्र भांड्यांच्या नावाच्या असतात, ती एकूण एक भांडी मोजत होते. मग त्यांनी कोटाखालून डबा काढला. "हे घे. खिळे ठेवायचे राहिलेच माझ्या डब्यात."

अशा उतारावर जॅक लावून गाडी उचलणं म्हणजे तिला खाली ढकलणंच. लिझेतने चाक उचललं नाही. एक गोल नट काढायचा, त्या जागी एक निमुळता बसवायचा, मग समोरचा. चाक सैल झालं होतं तरी तिने मागवलेल्या त्या कड्यामुळे मध्यावरून हललं नव्हतं. निमुळता नट भोकात आत आत जाऊन असा गच्च बसला, की पान्याची वाट न बघताही ते तिच्या तळव्याला कळलं. इतक्या वर्षांत नट बसतो कसा हे तिने हाताने कधी नीट अनुभवलंच नव्हतं, पान्याचा आवाजच ऐकत आली होती. एक चाक, दोन, तीन, चार. बोटांना रक्त आलं होतं. मिरेय एकेक नट तिच्या हातावर ठेवत होती, ठेवण्याआधी प्रत्येकाचं तोंड बघत होती आणि आईलाही दाखवत होती. "हा?" "हा." वीस वेळा.

मागची काच खाली झाली. "आजी," फ्लावी म्हणाली, तोंडभर बिस्किटाचा चुरा, "तू गाडी चालवलीस? बर्फात?"

लिझेतने बोटांचं रक्त बर्फात पुसलं.

"आई, तू आता परत जा," मिरेय म्हणाली. "मी हळू जाईन."

"परत? कुठून?" लिझेतने रस्त्याकडे पाहिलं. एका बाजूला कडा, एका बाजूला कठडा. पिकअप वळेल एवढी जागा तिथे नव्हती. वळायचं तर खाली धक्क्यापर्यंत जावं लागणार होतं, आणि मग तोच सगळा उतार चढून वर. हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

"तू पुढे हो," ती म्हणाली. "मला तुझी चाकं दिसू देत."

उरलेला अर्धा उतार ती मुलीच्या मागून उतरली. तिने एकदाही नदीकडे पाहिलं नाही, कठड्याकडे पाहिलं नाही. पुढचं डावं चाक फिरत होतं, सरळ, न डगमगता, आणि ती नजर न हलवता त्याच्याकडे बघत होती. भीती कमी झाली होती असं मुळीच नाही. पण ठेवायला जागा म्हणून भीतीला ते एक चाक मिळालं होतं.

धक्क्यावर बोट लागलेली होती. लिझेतने उतरून वीसही नटांना पुन्हा पाना लावला. एकही फिरला नाही. तरी तिने प्रत्येकावर अंगठा फिरवला, मग फ्लावीच्या गालावर फिरवला. गालावर काळा डाग उमटला.

"संध्याकाळी क्रूसापाशी थांब," ती मिरेयला म्हणाली.

"थांबेन," मिरेय म्हणाली. टोल नाक्याचा विनोद तिने केला नाही.

बोट सुटली, बर्फाचे तुकडे बाजूला लोटत बेटाकडे निघाली. धक्क्यावर पिकअप तेवढी उरली, आणि समोर तो सगळा उतार, खालून बघितला की भिंतीसारखा उभा. ओव्हिलाकाका आपल्या जागी बसले. रिकाम्या डब्यात त्यांनी काढलेले गोल नट टाकले होते. एकोणीस. विसावा वर कुठेतरी बर्फाखाली होता.

"चल."

"थांबा काका. हात थरथरायचे थांबू देत."

काकांनी तिच्या हातांकडे डोळे बारीक करून पाहिलं. "येताना तरी कुठे थांबले होते?"

लिझेतने खालचा गिअर टाकला आणि पिकअपचं तोंड उताराकडे वळवलं.